सेलूला नेलेला आलेख

वर्ध्याहून परतल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "सेवाग्राम पाहिलं का?" नाही पाहिलं. वर्धा स्टेशनात उतरले, एसटीने सेलूला गेले, तीन दिवस राहिले, मधे एकदा केळझरचा गणपती पाहिला आणि परत आले. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "अहो, मग गेला होतात कशाला?" त्याचं उत्तर जिन्यात उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी खगोलशास्त्र करते. पुण्यात राहते, दोन खोल्यांत, एकटी. गेली पंचवीस वर्षं मी दीर्घिकांचा, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांचा, अभ्यास करते आहे, आणि त्यातही ज्यांच्याकडे कोणी फारसं वळून पाहत नाही अशांचा. आपली आकाशगंगा चक्राकार. तिच्यात थंड वायू भरपूर आहे आणि त्यातून अजून नवे तारे जन्मतात. माझ्या दीर्घिका वेगळ्या. काही अंड्यासारख्या लंबगोल, काही मसुराच्या दाण्यासारख्या, मधे फुगीर आणि कडेला चपट्या. त्यांच्यातले तारे म्हातारे आणि तांबूस. आम्ही शिकत होतो तेव्हा पुस्तकं ठामपणे सांगायची की यांच्यातला थंड वायू कधीच संपला, आता इथे नवं काही घडायचं नाही. मला हे वाक्य आवडायचं. का आवडायचं ते तेव्हा कळलं नव्हतं.

नव्वदीच्या सुरुवातीला विलास आमच्या संस्थेत संशोधनाला आला. सेलूचा, भाजीपाला पिकवणाऱ्या घरचा, बोलायला लाजणारा. त्याचं काम माझ्या देखरेखीखाली. त्याला मी एक मसुरी आकाराची दीर्घिका दिली आणि परदेशातल्या एका मोठ्या दुर्बिणीने तिची घेतलेली मोजणी दिली. थंड हायड्रोजन रेडिओ लहरींत अगदी हलकं कुजबुजतो. कागदावर आलेख काढला की जिथे वायू असेल तिथे रेघ थोडी वर उठते. अडचण अशी की दुर्बिणीच्या स्वतःच्या खोडीमुळेही रेघ लाटांसारखी वरखाली होते. म्हणून आधी ठरवावं लागतं की जमीन कुठे आहे. तिला आम्ही पायारेषा म्हणतो. ती आखायची, वजा करायची, मग उरेल तो वायू.

विलासने आलेख फळ्यावर लावला, दोन टोकांना दोन टाचण्या मारल्या आणि त्यांच्यात शिवणाचा पांढरा दोरा ताणला. मधे रेघ दोऱ्याच्या वर होती. बुटका, पण खूप रुंद उंचवटा. "मॅडम, हा गॅस आहे," तो म्हणाला.

मी हसले. "विलास, हे काय वांग्याचे वाफे आहेत, दोऱ्या बांधायला?" खोलीतले सगळे हसले. मग मी संगणकावर अशी पायारेषा बसवली की ती रेघेच्या प्रत्येक वळणाबरोबर वळत गेली, आणि उंचवट्यालाही जमीन समजून गिळून बसली. वजा केल्यावर उरली सपाट रेघ. "बघ, काही नाही." महिन्याभराने तो घरी गेला तो परत आलाच नाही. पत्र आलं, घरी काम आहे. मला ते खरं वाटलं. खरं वाटणं सोयीचं होतं.

बारा वर्षांनी, नारायणगावाकडे पसरलेल्या तीस तबकड्यांच्या दुर्बिणीने एका विद्यार्थिनीने तीच दीर्घिका पाहिली, आणि चित्र माझ्या टेबलावर आणून ठेवलं. ताऱ्यांच्या पार बाहेर, अंधारात, थंड वायूचं एक भलंमोठं कडं. मी विलासचा जुना आलेख कपाटातून काढला. तीच जागा, तीच रुंदी. दोन्ही टोकांना टाचणीची भोकं तशीच होती.

त्यावरचा शोधनिबंध लिहून झाला. लेखकांत पहिलं नाव विलासचं टाकायचं मी ठरवलं, पण त्याच्या होकाराशिवाय ते टाकता येत नाही, आणि होकार मागायच्या आधी त्याला सांगायला हवं की तो बरोबर होता आणि मी हसले होते. तीन पत्रं लिहिली, तिन्ही फाडली. शेवटी चौथं लिहिलं, ते चक्क खोटं: वर्ध्याच्या कॉलेजात माझं भाषण आहे, जमल्यास भेटू. उलट टपाली कार्ड आलं. त्यावर एकच ओळ, "घरीच उतरा."

पहिला दिवस: सेलू

जानेवारीचा महिना होता. एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना तूर आणि वेचून झालेली कपाशी, मधूनच कापसाने शिगोशिग भरलेली बैलगाडी. माझ्या मांडीवर प्लास्टिकची लांब नळी, तिच्यात दोन कागद गुंडाळलेले: विलासचा आलेख आणि कड्याचं चित्र. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता नळीकडे पाहिलं.

"बाई, कॅलेंडरं हायत का जी त्याच्यात? एखांदं द्या न."

"कॅलेंडर नाही. आलेख आहे."

"कायचा?"

"गॅसचा," मी म्हटलं. सवयीने खरं बोलून गेले.

मागच्या सीटवरचे एक गृहस्थ लगेच पुढे वाकले. "सेलूले नवी एजन्सी येऊन राह्यली का? आमचा नंबर लावून ठेवा न बाई, दोन महिने झाले सिलिंडर नाई." माझा गॅस पोचायला कित्येक कोटी वर्षं लागतील हे त्यांना कसं सांगणार? "बघते," म्हटलं. त्यांनी उतरताना मला नमस्कारही केला.

स्टँडवर विलास उभा होता. कानशिलांवर पांढरे केस, खांद्यावर दुपट्टा. बारा वर्षांपूर्वीच्या लाजाळू मुलाला मी मनात तसंच ठेवलं होतं, त्यामुळे हा पुरुष माझ्यासमोर येऊन "मॅडम, प्रवास बरा झाला ना?" म्हणाला तेव्हा मी क्षणभर गोंधळलेच. त्याने बॅग घेतली. नळीकडे हात केला, पण मी ती दिली नाही. त्याने विचारलं नाही.

घर गावाच्या कडेला, शेताला लागून. त्याची बायको मंदा दारातच पाण्याचा तांब्या घेऊन उभी. पाय धुतले, चहा झाला, आणि तासाभरात दुसरा चहा आला. पुण्यात पाहुण्याला "चहा घेणार का?" असं विचारायची पद्धत आहे, आणि त्यात "नाही म्हणालात तर बरं" हेही असतं. इथे विचारत नाहीत, कपच हातात येतो. तिसऱ्याला मी नको म्हटलं तर मंदाचा चेहरा एवढा पडला की मी तोही प्यायले.

जेवायला सोलेभात आणि वांग्याची भाजी होती. तुरीच्या ओल्या दाण्यांना इकडे सोले म्हणतात, आणि त्यांचा भात इतका सुरेख लागतो की मी दोनदा मागून घेतला. भाजीचं मात्र निराळं. आमच्याकडे आमटीत गुळाचा खडा पडल्याशिवाय तिला आमटी म्हणत नाहीत. इथे तेलाचा लाल तवंग आणि त्याखाली वांगी. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं.

"तिखट झालं काय ताई?" मंदाने विचारलं.

"छे, छान झाली आहे."

"मॅडम खोटं बोलतात," विलास ताटाकडे पाहत म्हणाला. तो गंमतच करत होता, पण मी घाईने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

संध्याकाळी अंगणात बाजेवर बसून आम्ही तिघं तुरीच्या शेंगा सोलत होतो. विलास माझ्याशी जपून, पुस्तकी मराठीत बोलत होता, मंदाशी मात्र त्याच्या भाषेत. त्याने संस्थेतल्या सगळ्यांची चौकशी केली. वाचनालयाच्या मामांची, कॅन्टीनच्या उपम्याची, गेटाजवळच्या कडुनिंबाचीही केली. दीर्घिकांबद्दल एक शब्द विचारला नाही. मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा शेंगांबद्दलच काहीतरी बोलले.

"भाषन कवा हाय तुमचं?" मंदाने विचारलं.

"परवा," मी म्हटलं.

मग अंथरुणावर पडले तर पलीकडच्या खोलीतून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. वांगी, मजूर, उद्याचा बाजार, कुणाचं तरी लग्न. गुपित काही नव्हतं. दिवस संपताना कुणाला तरी सांगायच्या गोष्टी, एवढंच. माझ्या घरी रेडिओ बंद केला की पुढे सकाळपर्यंत माणसाचा आवाज नसतो, आणि याचं मला कधी वाईट वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगते. त्या अंथरुणावर मला फार वाईट वाटलं, आणि "इथे नवं काही घडायचं नाही" हे पुस्तकातलं वाक्य मला का आवडायचं तेही कळलं.

दुसरा दिवस: केळझर

बाजाराचा दिवस. विलास उजाडायच्या आत टोपल्या घेऊन गेला होता. माझा धीर सकाळी जमला होता, तो असा फुकट गेला. मंदा म्हणाली, "चाला ताई, केळझरच्या गनपतीले जाऊ. घरात बसून काय करता?"

मी देवळात फारशी जात नाही. पण टेकडीवरचं ते देऊळ मला आवडलं, मुख्यतः वारा आणि उंचीमुळे. वरून खाली सगळीकडे शेतं, मधेच एखादा हिरवागार चौकोनी तुकडा, तिथे पाणी असणार. माथ्यावरून पाहिलं की मोठं तेवढंच डोळ्यांत भरतं आणि कडेकडेचं सुटतं. माझ्या धंद्यातही हेच झालं होतं. आम्ही सगळे मधल्या ताऱ्यांच्या गोळ्यात वायू शोधत राहिलो आणि तो बाहेर, काठाकाठाने फिरत होता.

दर्शन करून मंदा पायरीवर बसली. पदराच्या गाठीतून खोबऱ्याचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, "ताई, एक इचारू? तुमी काऊन आल्या?"

"भाषण..."

"ते असू द्या." ती माझ्याकडे न पाहता बोलत होती. "आमच्या लग्नाले नऊ वर्सं झाली. हे पुन्याचं काईच सांगत नाई. कोनी इचारलं त म्हनतेत, नाई जमलं. तुमचं पत्र आलं त दोन दिवस जेवले नाई बराबर. मले लय भेव वाटून राह्यलं. तुमी त्याहिले न्याले त नाई आल्या?"

"नाही," मी म्हटलं. "नेत नाही. शप्पथ."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि खरंच हलकी झाली. उतरताना तिने मला भाजीवाल्या बायकांच्या दोन गमतीही सांगितल्या. मी हसत होते, पण "नाई जमलं" हे दोन शब्द पायरीपायरीला टोचत होते. त्याला जमलं नव्हतं असं नव्हतंच. जमलेलं काम मी पुसलं होतं. आणि नऊ वर्षं तो स्वतःच्या बायकोला माझा निकाल स्वतःचा म्हणून सांगत होता.

तिसरा दिवस: शेत

सकाळी थंडी चांगली होती. मी शाल गुंडाळून शेतात गेले तर विलास कांद्याच्या रोपांसाठी वाफे आखत होता. दोन खुंट्या, मधे ताणलेली सुतळी. सुतळीच्या खाली कुठे माती बुडत होती, कुठे वर येत होती. वर आलेली तो फावड्याने ओढून घेत होता. वाफा सपाट नसेल तर पाणी एका कोपऱ्यात साचतं आणि दुसरा कोपरा कोरडा राहतो, हे त्याने मला समजावलं.

मी किती वेळ पाहत उभी होते कोण जाणे. शेवटी विचारलं, "सुतळी मधल्या उंचवट्यांवर का टेकवत नाहीस? जमीन जशी आहे तशी?"

"मंग उंचवटा समजन कसा?" तो कामाच्या तंद्रीत म्हणाला. "सुतळी त्याच्यासंगं वाकली त सगळंच सपाट दिसन न."

एवढं बोलून त्याचं फावडं थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी आम्हा दोघांना तो फळा दिसला.

"विलास, मी भाषणासाठी आले नाही."

"माहीत हाय. त्या कॉलेजात भाषन नाई कोनाचं. मी परवाच फोन करून इचारलं."

"ती दीर्घिका..." मी सुरू केलं. 

त्याने तिचा क्रमांक सांगितला. आमच्या दीर्घिकांना नावं नसतात, यादीतला नंबर असतो. तो नंबर त्याने एखाद्या नातलगाचं नाव घ्यावं तसा घेतला.

"तीच," मी म्हटलं.

"गॅस हाय?"

"आहे."

"कुठी?"

"बाहेर. ताऱ्यांच्या पार बाहेर. मोठं कडं आहे. तू मोजली होतीस तेवढीच रुंदी आली. विलास, तू बरोबर होतास. मी पायारेषा जास्त वाकवली आणि तुझा उंचवटा खाऊन टाकला. आणि मी हसले होते."

तो बांधावर बसला. हातावरची माती चोळू लागला. मला वाटलं आता चिडेल, आणि खरं सांगते, चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो उठला, पाटाच्या पाण्यात हात धुतले आणि म्हणाला, "नळी घरी हाय न? चाला."

बाजेवर सतरंजी टाकून मी दोन्ही कागद पसरले. कड्याचं चित्र रंगीत, देखणं. कोणीही आधी तेच पाहील. त्याने ते बाजूला सारलं. जुना आलेख ओढला आणि बोटांनी दोन टोकांची भोकं चाचपली. "मंदे, दोरा आन पांढरा."

मंदा शिवणाचं रीळ घेऊन आली. टाचणी मारायला बाजेवर जागा नव्हती. "तू हे टोक धर त्या भोकावर," त्याने मंदाला सांगितलं. मग दुसरं टोक हातात घेऊन त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्यापुढे केलं. "तुमी हे धरा."

मी धरलं. दोरा सैलच होता. "ताना जरा," तो म्हणाला. मी ताणला. विलास वाकून डोळे बारीक करून पाहू लागला. मधे, दोऱ्याच्या वर, तो उंचवटा होता. बुटका आणि रुंद, बारा वर्षांपूर्वी होता तिथेच.

"एवढंसंच?" मंदा म्हणाली.

"एवढंसंच," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

मग दोरा गुंडाळता गुंडाळता तो बोलला. "तुमी हासल्या त्याचं काई नाई मॅडम. मले घरचेबी हासतेत. पन मी मानलं न तुमचं. मले वाटलं, आपल्याले दिसते ते राहतच नाई तठी. असा मानूस हे काम कसा करन? म्हनून आलो निघून. भांडलो असतो त..." 

"तुझं नाव पहिलं टाकते आहे," मी म्हटलं. "तू हो म्हण."

"नाव टाका, का नका टाकू. अठी कोन वाचते?" त्याने आलेख नीट गुंडाळला. "पन मॅडम, एक लिहा. उंचवटा पहिले दिसला होता, मंग पुसला. कोनं पुसला, कसा पुसला, ते लिहा. नाई त उद्या आनखी एखांद्याचा पुसान, अन त्याले बी वाटन का आपल्यालेच दिसत नाई. हे लिहनार असान त माझं हो हाय."

"परत येतोस का?" हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. कोपऱ्यात मंदा रीळ हातात धरून उभी होती. मी ते शब्द गिळले आणि म्हटलं, "लिहिते."

दुपारी तो मला स्टँडवर सोडायला आला. वांगी, टमाटर, सोले आणि सांबार, म्हणजे आमची कोथिंबीर, असं सगळं भरलेली एक पिशवी त्याने एसटीत ठेवली. मला ती उचलताही येत नव्हती. नळी मी त्याच्याच घरी ठेवली होती. "येजा मॅडम," तो खिडकीखालून म्हणाला. "आता भाषन नका सांगजा."

पुणे

एकट्या माणसाच्या घरात पाच किलो वांगी म्हणजे संकट असतं. दोन दिवस मी भरीत खाल्लं, तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन जिन्याने खाली उतरले. ज्या शेजाऱ्यांची नावं मला फक्त दारावरच्या पाट्यांवरून माहीत होती त्यांना वांगी वाटली. "वर्ध्याची? सेवाग्राम पाहिलं का?" ते तेव्हापासून सुरू झालं.

निबंधाची बाकी पानं तयार होती. त्या एका मजकुराला मला नऊ दिवस लागले. आमच्या भाषेत चूक लपवायची सोय फार चांगली आहे: "पूर्वीच्या विश्लेषणात हा संकेत आढळला नव्हता," असं म्हटलं की कोणाचंच काही जात नाही. मी ते लिहिलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी लिहायचं ते लिहून पाठवलं, तर नियतकालिकाच्या परीक्षकाने समासात शेरा मारला की एवढा वैयक्तिक तपशील अनावश्यक आहे, काढावा. मी उत्तर दिलं की काढता येणार नाही, लेखकांपैकी एकाचा होकार त्याच अटीवर आहे. महिनाभर वाट पाहिली. राहिलं.

छापील प्रत आली त्या दिवशी ती कुणाला दाखवावी हे कळेना. दोन प्रती काढल्या, एक सेलूच्या पत्त्यावर टाकली आणि दुसरी घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. आणि त्या रिकाम्या घरात, वर्गात पहिल्यांदा उभं केलेल्या मुलीसारखं, मोठ्याने वाचलं: "या दीर्घिकेतला थंड वायू बारा वर्षांपूर्वी पहिल्या लेखकाने दोन टाचण्यांमध्ये दोरा ताणून दाखवला होता. पायारेषा गरजेपेक्षा जास्त वाकवून तो दुसऱ्या लेखिकेने पुसला. दुसरी लेखिका मी आहे."